बत्तीस हुकांची धास्ती

ठाण्याजवळच्या दिव्यात सुमती मढवी म्हटलं तर कुणाच्या चटकन लक्षात येत नाही. पण "पंखेवाली ताई कुठे राहते?" असं विचारलं, तर भाजीवालीसुद्धा हातातला तराजू खाली ठेवून रस्ता दाखवते. वय चव्वेचाळीस, अंगाने काटक, खांद्याला रेक्झिनची पिशवी. पिशवीत टेस्टर, पाना, पकड, चार कंडेन्सर आणि पाती पुसायला एक जुना पायमोजा.

तिचा बाप मिठागरावर राबायचा. खाडीकाठच्या त्या घरात पंखा आला तेव्हा सुमती दहा वर्षांची होती. दिवसभर उन्हात भाजून आलेला बाप पंख्याखाली उताणा पडून डोळे मिटायचा, ते सुख तिने फार जवळून पाहिलं होतं. दहावीनंतर ती आयटीआयला गेली, वायरमनच्या वर्गात. वर्गात मुली दोनच. दुसरीने सहा महिन्यांत शिवणकाम घेतलं. सुमती टिकली. पुढे कल्याणला एका वाइंडिंगच्या दुकानात सात वर्षं तांब्याची तार गुंडाळत बसली, मग स्वतःचं काम धरलं. लग्न एकदा ठरलेलं. मुलाकडच्यांनी विचारलं, "लग्नानंतरही ही परक्या घरांत स्टुलावर चढणार का?" ती म्हणाली, "शिडीवर पण." बोलणी तिथेच संपली. तेव्हापासून घरात ती आणि तिची आई दगडाबाई.

सुमती नुसते पंखे लावायची नाही, ते वापरायला शिकवायची. "पंखा खोलीला गार करत नाही हो, माणसाला करतो. खोलीत माणूसच नसेल तर कुणासाठी फिरवताय?" पाती पुसून बोटावरची काळी धूळ ती घरच्या बाईला दाखवायची. "एवढं ओझं पात्यांच्या कडेला घेऊन फिरेल, तर वारा कसा देईल?" पंखा हळू झाला की लोक नवा घ्यायला निघत. ती कंडेन्सर बदलून जुनाच पळता करून द्यायची. छताला चिकटवलेला पंखा दिसला की दांडी बदलायला लावायची, कारण पात्यांच्या वर फूटभर मोकळी जागा नसेल तर पंखा हवा ओढणार कुठून? भिंतीवरचा जुना डबा-रेग्युलेटर ती आधी काढून टाकायची. पंखा हळू केला की वाचलेली वीज तो डबा स्वतःच तापून खातो, असं तिचं म्हणणं. आणि कुणाचा पंखा खरंच निकामी झाला, तर सांगायची, "आता बीएलडीसी पंखा घ्या. जुना पंच्याहत्तर वॅट खात होता, हा तीसच्या आसपास खातो."

गजलक्ष्मी अपार्टमेंट ही तिची लाडकी बिल्डिंग. तळमजल्यावर दुकानं, वर चार मजले, मजल्यावर आठ खोल्या, सगळ्या वन आरके. बारा वर्षांपूर्वी या बत्तीस खोल्यांतले बत्तीस पंखे तिनेच लावले होते. तिचं पहिलं मोठं काम ते.

त्या मे महिन्यात उन्हाने कहर केला होता. पारा एक्केचाळीसच्या खाली उतरत नव्हता. एका सकाळी साडेदहाला सुमतीचा फोन वाजला. दुसऱ्या मजल्यावरची रसिका होती. तिला नीट बोलता येत नव्हतं.

"ताई, पंखा पडला."

"कुणाला लागलं?"

"नाही. नाही लागलं. टँकर आलेला, म्हणून मी समीक्षाला घेऊन खाली गेलेले पाणी भरायला. ताई, ती बेडवरच झोपलेली. मी उठवून नेलेली तिला."

समीक्षा म्हणजे रसिकाची चार वर्षांची मुलगी.

सुमती पोचली तेव्हा पंखा गादीवर पालथा पडलेला होता. एक पातं उशीत रुतलं होतं. उशीतला कापूस बाहेर आला होता. रसिका मुलीला कडेवर घेऊन दाराशीच उभी होती, आत पाऊल टाकत नव्हती. सुमतीने पंख्याची दांडी हातात घेऊन उलटवली. पंखा हुकातून निसटला नव्हता. हूकच त्याच्यासोबत खाली आला होता.

वीतभर लांबीची सळई. खालचं टोक पंखा अडकवायला वाकवलेलं. वरचं टोक सरळ, कापलेलं, त्याला सिमेंटचा एक खडा चिकटलेला. स्लॅब ओतायच्या आधी हुकाचं वरचं टोक आतल्या लोखंडाला वळसा घालून बांधायचं असतं, हे आयटीआयच्या पहिल्या महिन्यात शिकवतात. इथे कुणी ते केलंच नव्हतं. स्लॅब ओतून झाल्यावर भोक पाडून सळई खुपसली होती आणि वरून सिमेंट थापलं होतं. बारा वर्षं पंखा नुसता थापलेल्या सिमेंटवर लटकत होता.

"असं कसं झालं ताई?" रसिकाने विचारलं.

सुमती म्हणाली, "बघते." रसिकाकडे मात्र तिने पाहिलं नाही.

कारण तिला आठवलं होतं. बारा वर्षांपूर्वी याच बिल्डिंगमध्ये, शिडीवर उभी असताना, एक हूक तिच्या हातात हलला होता. फार नाही, किडलेला दात हलतो तेवढा. तिने खाली उतरून ठेकेदाराला सांगितलं होतं. तो फोनवर बोलत होता. फोन कानावरून न काढताच म्हणाला, "अगं, वरचं प्लास्टर सुटलंय. आत सळईला बांधलाय. तू लाव, उद्या पझेशन आहे." तिने फटीत सिमेंट भरलं आणि पंखा लावला. त्याच्यासारखा माणूस खोटं कशाला बोलेल, असं तिने स्वतःला समजावलं होतं. पहिलं मोठं काम हातचं जाईल, ही भीतीही होती.

तो हूक रसिकाकडचा होता का? तिला आठवेना. दुसरा मजला होता की तिसरा? एकच हलला होता, की आणखी एखादा? तिने छताकडे पाहिलं. तिथे मुठीएवढं काळं भोक दिसत होतं. अजून एकतीस खोल्या होत्या. आणि या उन्हात एकतीस पंखे गरगर फिरत होते.

सगळे पंखे बंद करायचे, हे तिने तिथल्या तिथे ठरवलं. पण ठरवणं सोपं होतं. शेजारच्याच दारात शालू नावाची बाई पापड वाळवत बसली होती. तिने ऐकून घेतलं आणि कपाळावरचा घाम पदराने पुसला. "बंद करू? ताई, घरात माझी बाळंतीण पोर आहे. पंखा पडून मरू की उकडून मरू, ते सांग मला."

"निदान खाली झोपू नका. गादी बाजूला सरकवा."

"कुठे सरकवू? दहा बाय बाराची खोली. भिंतीला टेकून बसलं तरी पाय पंख्याखालीच येतात."

सुमतीने शालूच्या घरचा हूक आधी पाहिला. बटण बंद केलं, स्टुलावर चढली, पंखा उतरवला, हुकाला दोर अडकवला. खाली दोन गाद्या एकमेकींवर टाकल्या. मग दोर दोन्ही हातांनी धरून पाय उचलले आणि स्वतःच लोंबकळली. अठ्ठावन्न किलो वजन. पंख्याच्या दहापट. हूक हलला नाही. तिने पंखा परत लावला. शालूने पाणी दिलं, ते न पिताच ती पुढच्या दाराकडे गेली.

असे दुपारी बारापर्यंत सहा हूक तपासून झाले. सहाही घट्ट. तिला जरा धीर येऊ लागला. कदाचित एकच असेल, असं मन म्हणू लागलं. आणि त्याच वेळी चौथ्या मजल्याच्या पॅसेजमध्ये तिला तो आवाज ऐकू आला.

कट्. कट्. कट्. कट्.

शेवटच्या खोलीतून येत होता. दाराला कुलूप होतं. पॅसेजकडची खिडकी उघडी होती, तिला जाडजूड ग्रिल. सुमतीने आत पाहिलं. पलंगावर एक म्हातारा पडला होता, आणि बरोबर त्याच्या छातीच्या वर पंखा थरथरत फिरत होता. फिरताना दांडी गोल गोल डोलत होती.

म्हाताऱ्याचं नाव धोंडीबा. जन्मभर कल्याणच्या बाजारात पोती वाहिली. दोन वर्षांपूर्वी उजवी बाजू लुळी पडली. मुलगा गेल्यावर सून निशाच त्याला सांभाळत होती. ती ठाण्याला वर्तकनगरमध्ये एका पाळणाघरात काम करायची. सकाळी सासऱ्याला न्याहारी भरवून, उशाशी पाण्याची बाटली ठेवून, पंखा पाचवर करून निघायची. संध्याकाळी परत.

सुमतीने निशाला फोन लावला. सगळं सांगितलं. पलीकडे क्षणभर नुसता लहान मुलांचा गोंधळ ऐकू आला.

"मी निघते," निशा म्हणाली. "पण मला दीड तास तरी लागेल गं ताई. चावी एकच आहे. सेफ्टी डोअरला पण लॅच आहे."

दिवा स्टेशनजवळचा चावीवाला मे महिन्याचा गावी गेलेला. तळमजल्यावरून कुणीतरी हातोडा आणला. लोखंडी दाराला चार घाव घातले, तेव्हा पत्र्याला नुसते पोचे आले, आणि आत म्हातारा घाबरून ओरडायला लागला. सुमतीने हातोडा थांबवला.

ती ग्रिलला धरून उभी राहिली. पंखा चालू ठेवावा तर तो कुठल्या क्षणी खाली येईल, सांगता येत नाही. बंद करावा, तर वर तापलेली गच्ची, खाली लुळा म्हातारा, आणि दीड तास. हाताला ग्रिलसुद्धा चटके देत होतं. आयुष्यभर तिने लोकांना पंखा कसा वापरावा ते सांगितलं होतं. आता त्या एका पंख्याचं काय करावं, हे तिला कळत नव्हतं.

कट्. कट्. छतातून धुळीसारखं काहीतरी पडल्याचा तिला भास झाला. की खरंच पडलं?

ती जिने उतरत धावली. मीटरच्या खोलीत जाऊन तिने त्या घराचा स्विच खाली पाडला. वर आली तेव्हा पंख्याची पाती हळूहळू वेगळी दिसायला लागली होती. मग पाती थांबली. खोलीत एकदम शांतता पसरली.

"कोन हाय?" धोंडीबा म्हणाला. "लाईट गेली काय?"

"बाबा, मी सुमती. पंखेवाली. पंखा मी बंद केलाय."

"का गं?"

"पडेल म्हणून."

तिने शेजारच्या घरातून वायरचा बोर्ड ओढून आणला आणि त्याच घरातला उभा पंखा खिडकीसमोर ठेवला. वारा ग्रिलमधून आत जात होता, पण पलंगापर्यंत पोचेपर्यंत त्यात काही दम उरत नव्हता. पलीकडची खिडकी बंद होती. ती उघडी असती तर हवा आरपार गेली असती. सुमतीने झाडूच्या दांड्याला दांडा बांधून ती ढकलायचा प्रयत्न केला. दांडा पलंगाच्या कडेपर्यंतच पोचला.

"गच्चीवर पाणी मारा," ती म्हणाली. "याच्या डोक्यावरचा स्लॅब तरी निवू दे."

पॅसेजमध्ये जमलेल्या बायका एकमेकींकडे बघू लागल्या. दिव्यात पाणी म्हणजे काय, हे तिथे कुणाला सांगायला नको. सकाळचा टँकर, घरटी चार हंडे. तेवढ्यात रसिका जिन्यावरून वर येताना दिसली. मुलीला एका कडेवर घेतलेलं, दुसऱ्या हातात बादली. ती सरळ गच्चीवर गेली. तिच्यामागे शालू गेली, मग आणखी दोघी. स्लॅबवर अंथरलेल्या जुन्या गोणपाटांवर त्यांनी पाणी ओतलं. वरून वाफेचा वास आला.

सुमती खिडकीपासून हलली नाही. म्हाताऱ्याला झोप लागू द्यायची नाही, एवढंच तिच्या डोक्यात होतं. उन्हाचा झटका बसलेला माणूस आधी गप्प होतो, हे तिने ऐकलं होतं.

"बाबा, बोलत राहा. गाव कुठलं तुमचं?"

"म्हसवडकडं." थोड्या वेळाने, "पोरी, पंखा लाव की. जीव कासावीस हुतोय."

"थोडा वेळ, बाबा. निशा निघालीये."

"बारा वरसं फिरतोय तो. आजच कसा पडंल?"

सुमतीने वळून पाहिलं. मागे कुणी नव्हतं, सगळ्या गच्चीवर होत्या. ती हळू आवाजात म्हणाली, "बाबा, तेव्हा एक हूक हललेला माझ्या हातात. इथलाच कुठला तरी. मला कळलेलं. तरी मी पंखा लावला."

धोंडीबाचा चेहरा घामाने चकाकत होता. त्याने छताकडे पाहिलं.

"मंग तवा का न्हाई बोललीस?"

"बोललेले. एकदाच बोलले. मग गप्प बसले."

तो काही म्हणाला नाही. तिने पुन्हा हाक मारली. त्याने डोळे मिटले होते. तिने ओरडून हाक मारली, ग्रिलवर पाना आपटला. त्याचा डावा हात थोडा हलला. मग तोही हलेना. घाम यायचा थांबला होता, कातडी कोरडी, लालसर दिसत होती. सुमतीने मग्यातलं पाणी ग्रिलमधून फेकलं. अर्धं फरशीवर सांडलं, अर्धं त्याच्या अंगावर पडलं. पुन्हा फेकलं. पुन्हा. तोंडाने ती सारखी "बाबा, बाबा" म्हणत होती, आणि मनात एकच विचार घुमत होता: पंख्याने नाही, मीच मारलं याला.

निशा दोन वाजता आली. जिना चढतानाच चावी हातात काढलेली होती. दार उघडलं, चौघींनी म्हाताऱ्याला चादरीसकट उचलून पॅसेजमध्ये आणलं, ओल्या पंच्याने पुसलं. रिक्षा दारात होतीच. निशा जाताना सुमतीकडे बघून एवढंच म्हणाली, "आता तरी बघ वरती."

सुमती एकटीच खोलीत उभी राहिली. स्टुलावर चढली. पंखा उतरवला. एका पात्याचा स्क्रू ढिला होता, त्याचाच तो कट् कट् आवाज आणि त्यानेच दांडी डोलत होती. तिने हुकाला दोर बांधला, गाद्या टाकल्या, लोंबकळली. मग झोके घेतले. पुन्हा घेतले.

हूक तसूभरही हलला नाही. आत सळईला पक्का बांधलेला होता.

ती गादीवर बसली आणि तोंडावर हात घेऊन रडली. एका ढिल्या स्क्रूसाठी तिने त्या म्हाताऱ्याला दीड तास भट्टीत ठेवलं होतं.

पण थांबून चालणार नव्हतं. तिने तोंड धुतलं आणि तिसऱ्या मजल्यावर सुशांत साळवीचं दार वाजवलं. सुशांत घरूनच कॉम्प्युटरचं काम करायचा. बिल्डिंगमधला एकमेव एसी त्याच्याकडे.

"ताई, तुम्ही सगळ्यांना घाबरवून सोडलंय," तो हसत म्हणाला. "वरचा हूक तर ठीक निघाला म्हणे. आमचा पंखा बघा, काही आवाज आहे का? लोण्यासारखा फिरतो."

खरंच, पंखा अलगद फिरत होता. एसी सव्वीसवर, पंखा दोनवर. हे तिनेच सांगितलं होतं. मार्चमध्ये सुशांतला विजेचं बिल भरमसाट आलं, तेव्हा तीच म्हणाली होती, "अठरावर कशाला ठेवता? सव्वीसवर ठेवा आणि पंखा हळू लावा. गारवा तेवढाच लागेल आणि वीज कितीतरी कमी जाईल." तोपर्यंत त्या घरात पंखा बंदच असायचा. आता तो चोवीस तास फिरत होता, आणि त्याखाली टेबल मांडून सुशांत बसत होता. त्याची बायको, ऐश्वर्या, बाजूला भाजी निवडत होती.

"पाच मिनिटं द्या मला," सुमती म्हणाली.

"अहो, माझा कॉल आहे आता."

"कॉल नंतर. उठा तिथून."

तिचा आवाज असा काही निघाला, की तो उठला.

तिने पंखा उतरवला. दोर बांधला. पाय उचलले. क्षणभर काहीच झालं नाही. मग वरून करकर असा बारीक आवाज आला आणि ती पाठीवर आदळली. सिमेंटचा चुरा डोळ्यांत गेला. हूक तिच्या खांद्याला घासून फरशीवर पडला आणि वाजत टेबलाखाली गेला.

ऐश्वर्याने उठून एसी बंद केला, का कोण जाणे. सुशांत वाकून तो हूक बघत होता. वरचं टोक सरळ, कापलेलं.

"मी इथेच बसतो," तो म्हणाला. "रोज आठ तास."

त्या दिवसानंतर कुणी पंखा बंद करायला नकार दिला नाही. उरलेले हूक तपासायला सुमतीला तीन दिवस लागले. बत्तीसपैकी अकरा नुसते खुपसलेले निघाले. कुठले खरे आणि कुठले खोटे, यात काही धरबंध नव्हता. एकाला एक लागून असलेल्या दोन खोल्यांत एक पक्का, दुसरा पोकळ. दर वेळी पाय उचलताना तिच्या काळजाचं पाणी व्हायचं. आणि हूक पक्का निघाला की सुटका वाटायच्या ऐवजी पुढच्याची भीती आणखी वाढायची.

तिसऱ्या दिवशी संध्याकाळी ती घरी आली, तर दगडाबाई उंबऱ्यात बसली होती. लेकीच्या खांद्यावरचा निळा वळ बघून म्हणाली, "काय झाला गो बाय? मना सांग." सुमतीने सांगितलं. आईने ऐकलं, आणि जेवण वाढायला उठली. आत जाताना म्हणाली, "मंग लोकांना पन सांग."

रविवारी बिल्डिंगच्या गच्चीवर सगळे जमले. सुमतीने सांगितलं. ठेकेदाराचं नाव सांगितलं, तो आता कुठे आहे ते कुणालाच माहीत नाही हेही सांगितलं. मग स्वतःचंही सांगितलं, काही न लपवता. बोलताना ती रसिकाकडे बघत नव्हती.

"म्हणजे तुम्हाला माहीत होतं," रसिका म्हणाली.

"एक हललेला, ते माहीत होतं. तुमचाच होता की नाही, ते आठवत नाही."

"पंखा पडायच्या बारा मिनिटं आधी माझी पोर त्या उशीवर होती, ताई."

"हो."

रसिका उठून गेली. तिच्या घरी नवा पंखा तिने दुसऱ्या माणसाकडून लावून घेतला. आजही जिन्यात समोरासमोर आल्या तर रसिका बाजूला होते, पण बोलत नाही. सुमतीही तिला थांबवायला जात नाही.

बाकीच्या दहा घरी सुमतीनेच काम केलं, मजुरी न घेता. पोकळ भोकाच्या बाजूला, स्लॅबच्या भक्कम भागात खोल भोकं पाडून तिने जाड फास्टनर ठोकले, त्यांवर लोखंडी पट्टी बसवली, पट्टीवरून ती पुन्हा लोंबकळली, आणि मगच पंखा चढवला. बहुतेकांनी या निमित्ताने नवे, कमी वीज खाणारे पंखे घेतले. ते फिरताना हादरे कमी देतात, पण त्यावर विसंबू नका, दर वर्षी उन्हाळ्याआधी हूक हलवून बघा, असं ती प्रत्येकाला बजावत होती. शालूच्या बाळंतीण लेकीने विचारलं, "मावशी, बाळाचा पाळणा आता पंख्याखाली ठेवू ना?" सुमतीने वर पंख्याकडे पाहिलं. मग म्हणाली, "थोडा बाजूला ठेव. वारा तिथेही येतो."

धोंडीबा पाच दिवस दवाखान्यात होता. सलाइन लागली, ताप उतरला, जीव वाचला. तो घरी आल्यावर सुमती भेटायला गेली तेव्हा निशाने दार उघडलं, पण आत ये म्हणाली नाही. आतूनच म्हातारा ओरडला, "कोन? पंखेवाली का? ये की." ती आत गेली. पंखा पाचवर फिरत होता. "त्यो स्क्रू घट्ट केलास न्हवं?" त्याने विचारलं. ती हो म्हणाली. निशा स्वयंपाकाच्या ओट्याशी पाठ करून उभी राहिली. पण आठवड्याने तिनेच फोन केला. पलीकडच्या खिडकीला बाहेरून उघडता येईल अशी कडी बसवायची होती आणि एक चावी शालूकडे ठेवायची होती.

सुमतीची धास्ती मात्र गेली नाही. त्याच ठेकेदाराने त्याच वर्षी रेल्वे फाटकाच्या पलीकडे आणखी एक बिल्डिंग बांधली होती, आणि तिथलेही चोवीस पंखे तिनेच लावले होते. तिथे कुठला हूक हललेला आठवत नव्हता. पण आठवत नाही, म्हणजे हलला नव्हता असं थोडंच! पहिल्या रविवारी ती गेली, तर वॉचमनने फाटकातूनच परत पाठवलं. सोसायटीच्या सेक्रेटरीला फोन केला. ते म्हणाले, "आमच्याकडे काही प्रॉब्लेम नाही, उगाच लोकांना घाबरवू नका." ती पुढच्या रविवारी पुन्हा गेली. या वेळी पाण्याचा टँकर आत शिरत होता, त्याच्या आडोशाने तीही आत शिरली.

पहिल्या मजल्यावरचं पहिलं दार तिने वाजवलं. एका तरुण मुलीने दार उघडलं. आतून पंख्याचा वारा बाहेर आला.

"काय हवंय?"

"तुमच्या पंख्याचा हूक बघायचाय."

"का? पंखा तर मस्त चालतोय."

सुमतीने पिशवी खाली ठेवली. स्टूल मागायच्या आधी म्हणाली, "तो मीच लावलाय. बारा वर्षांपूर्वी. आधी तुम्हाला एक सांगायचंय, ते ऐकून घ्या, आणि मग मला आत घ्यायचं की नाही ते ठरवा."